तकली ठेव खाली

पद्माबाई : छप्पन नाही यशोदा, पंचावन्न. पंचावन्नचा एप्रिल, तुझी चौथीची परीक्षा. छप्पन संपता संपता आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि परीक्षेला आले होते ते शाळाखात्याचे डिप्टी साहेब अजून मध्य प्रदेश सरकारचे होते. सालात माझी चूक होणार नाही.

यशोदा : असन, बाई. मले सालाचं काई ठावं नाई. आमची कबरी गाय व्याली होती अन् मी अकरा वर्षाची होती, येवढं ध्यानात हाय. तुमी आधी बाजीवर टेका. सिंदी मेघ्याहून जाम गावाले येष्टीनं आल्या, अन् आल्या तशा उभ्यानंच बोलून राह्यल्या.

पद्माबाई : बसते. घर शोधायला वेळ लागला नाही. चौकात तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं, बाबारावांची यशोदा कुठं राहते? तो दुकानदार म्हणाला, कोण, वातीवाली का?

यशोदा : हाव, वातीवालीच म्हन्ते मले. देवळात देतो, शेजारीपाजारी देतो. घरात बसून कापूस वळत रायतो. हात रिकामे असले की मले दोन शब्द सुचत नाई.

पद्माबाई : ते मला ठाऊक आहे. तुझ्याही आधी मला कळलं होतं.

यशोदा : पन्नास वर्षांनी तुमी काऊन आल्या, ते नाई सांगतलं.

पद्माबाई : एक वस्तू परत द्यायची आहे. आणि एक गोष्ट बोलायची आहे. बोलणं आधी, वस्तू नंतर. नाहीतर वस्तू देऊन मी उठून जाईन, आणि बोलणं पुन्हा राहील.

यशोदा : मंग आरामानं बोला. सूनबाईनं च्या ठेवला हाय. पन सुरूपासून सांगा. मी लहान होती, मले माह्या बाजूचंच ठावं हाय. तुमच्या बाजूनं काय होतं?

पद्माबाई : माझ्या बाजूनं मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, मला सगळं येतं. वर्ध्याला बुनियादी शाळेचं, हातानं काम करत शिकवायचं ट्रेनिंग संपवून सरळ तुमच्या गावी, रोहण्याला आले. चौथीत चाळीस मुलं, त्यात तुम्ही मुली सहा. हेडमास्तर हरिभाऊ गुरुजींनी पहिल्या दिवशी वर्गात नेऊन एकेकाची ओळख करून दिली. हा कवडू, ह्याच्या बुडाला काटे आहेत, हा बसत नाही. आणि ही रूपरावांची यशोदा, ही मुकी आहे, हिला विचारत बसू नका, वेळ जातो.

यशोदा : मुकी नोती मी. घरी त माय हात जोडे. म्हने, थोडी गप राह्य व माय.

पद्माबाई : पण शाळेत तीन वर्षं कोणी तुझा आवाज ऐकला नव्हता. मीही दोन महिने ऐकला नाही. मग तो सूतकताईचा तास. निंबाखाली तुम्ही ओळीनं बसायचात. प्रत्येकापुढं नारळाची करवंटी, तिच्यात तकलीचं टोक टेकवलेलं, हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू. चाळीस तकल्या एकदम फिरायला लागल्या की कसा आवाज व्हायचा, आठवतं?

यशोदा : भोवरमाश्या बसल्यावानी.

पद्माबाई : तस्सा. नंतर मी अकरा गावांत शिकवलं, पण तो आवाज कुठंच भेटला नाही. दोन-चार वर्षांत तकल्या बंदच झाल्या. अजून सकाळी कुकर लावून ओट्याशी उभी असते ना, शिट्टीच्या आधी भांडं बारीक थरथरतं, तेव्हा क्षणभर मला निंब दिसतो.

यशोदा : अन् त्या तासाले तुमी पाढे म्हनाले लावत.

पद्माबाई : हो. मी पुढं म्हणायचे, तुम्ही मागं. एक दिवस माझं लक्ष कवडूकडे गेलं, तो झाडावर चढत होता, आणि मी म्हणून गेले, सात नव्वे एकसष्ट. सगळी पोरं इमानानं म्हणाली, एकसष्ट. आणि मागच्या ओळीतून कोणीतरी मान खाली ठेवूनच म्हणालं, त्रेसष्ट, बाई.

यशोदा : माह्या ध्यानात नोतं की मी बोलून राह्यली. तार तुटन म्हनून नजर तिथंच होती. तोंडातून निंगून गेलं.

पद्माबाई : तेच तर. मग मी आठवडाभर नुसती पाहत राहिले. उभी केली, की तुझी दातखीळ. पाटीवर लिहायला सांगितलं, की कोणी पाहील म्हणून पाटीवर हात. पण हातात तकली फिरत असली आणि तुझ्याकडे कोणी बघत नसलं, की पाढे, कविता, जिल्ह्याच्या नद्या, सगळं यायचं. म्हणून मी तुझ्याकडे पाठ करून प्रश्न विचारायला लागले.

यशोदा : पोट्टे हासत. म्हनत, बाई भिताडाले सवाल इचारते.

पद्माबाई : हसू देत म्हटलं. तुझं जमलं, मग मला नादच लागला. कवडूला बसवून गणित येत नव्हतं, तर त्याला म्हटलं, चालत कर. शाळेची वाडी पावलांनी मोज, किती पावलं लांब, किती रुंद, मग वाफे किती होतील ते सांग. बरोबर सांगायचा. एका मुलाला एका कानानं कमी ऐकू यायचं, त्याला माझ्या डाव्या हाताशी बसवलं. हरिभाऊ गुरुजी म्हणायचे, बाई, चाळीस पोरं आणि चाळीस परीक्षा, उद्या चाळीस शाळा मागाल. पण टोमणा मारूनही त्यांनीच डिप्टी साहेबांना आधी कागद पाठवला, की ह्या वर्गाची तोंडी परीक्षा जरा निराळ्या पद्धतीनं घ्यावी.

यशोदा : अन् माह्या बापानं जे म्हटलं होतं, ते?

पद्माबाई : ते तू सांग. ते तुझ्या घरात घडलं.

यशोदा : तुमी आमच्या घरी आलत्या. म्हटलं, रूपरावजी, पोरीले वर्ध्याले मुलींच्या वसतिगृहात धाडा, मिडल शाळा शिकन. बाप हासला. म्हने, बाई, जे पोट्टी शाळेत बोलत नाई ते वर्ध्याले जाऊन काय करन? तुमी म्हटलं, बोलते. बाप म्हने, बरं. डिप्टी साहेबापुढं बोलली अन् पास झाली, त मी सोता बंडीले बैल जुपून वर्ध्याले नेऊन घालतो. नाई झाली, त कापूस येचाले जाईन, मंग तुमी पुन्हा इथं येजा नोका. माय चुलीपाशी होती, काई बोलली नाई. पन दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या लाल लुगड्याची चिंधी फाडली, त्याचा दोरा माह्या तकलीले बांधला. म्हने, माही पोट्टी बोलली पायजे.

पद्माबाई : तो दोरा कोणी बांधला, हे मला माहीत नव्हतं.

यशोदा : मायनं. बोला पुढं. च्या थंडा होऊन राह्यला.

पद्माबाई : परीक्षेचा दिवस. साहेब छत्री घेऊन आले. माणूस वाईट नव्हता यशोदा, मी वर्षानुवर्षं त्यांनाच वाईट ठरवत होते, पण नव्हता. कवडूची परीक्षा त्यांनी त्याच्या मागं वाडीत फिरून घेतली. तो पावलं मोजतो, साहेब मागून मोजतात. पाटाच्या चिखलात साहेबांचा बूट रुतला, तर कवडू म्हणाला, साहेब, तुमचं एक पाऊल धरायचं नाही. साहेबांनी हसून त्याला पास केलं.

यशोदा : ते गावभर सांगत फिरला कवडू. म्हातारा झाला तरी सांगे.

पद्माबाई : मग तुझा नंबर. तू तकली घेऊन बसलीस, मी पाठ केली, साहेबांनाही खिडकीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. त्यांनी पाढे विचारले, आले. कविता आली. चार मुलं दाराशी उभी होती, हरिभाऊ गुरुजी होते. साहेब बाहेर बघत गमतीनं म्हणाले, बाई, ही मुलगी बोलते, की तकली बोलते? सगळे हसले.

यशोदा : मीबी हासली होती.

पद्माबाई : मी नाही हसले. माझ्या अंगाला ते लागलं. मला वाटलं, म्हणजे माझं शिकवणं खोटं, ही काहीतरी युक्ती आहे असं ह्यांना वाटतं. साहेब लगेच म्हणालेसुद्धा, असू दे, असू दे, तिला कातू दे, माझी काही हरकत नाही. ऐकलंस? त्यांची हरकत नव्हती. मीच म्हणाले, नाही साहेब, आता ती तकलीशिवाय बोलते. आणि वळून तुला म्हणाले,

यशोदा : यशोदा, तकली ठेव खाली.

पद्माबाई : तुला शब्द न् शब्द आठवतो.

यशोदा : तुमी ठेव म्हटलं, पन मी ठेवली नाई. माह्या हातानं ठेवनंच होईना. तुमी हातातून घेतली.

पद्माबाई : हो. घेतली. तुला उभं केलं, साहेबांना तोंड तुझ्याकडे करायला लावलं. वर्षभर मी स्वतःच शोधून काढलेलं, सगळ्यांना सांगत फिरलेलं, ते त्या एका मिनिटात मीच मोडलं. साहेबांनी विचारलं, आपल्या जिल्ह्याला जिचं नाव आहे, ती नदी कुठून निघते आणि कुठं जाते? हा प्रश्न तुला झोपेतून उठवून विचारला तरी आला असता.

यशोदा : मामाचं गाव नदीपल्याड होतं. डोंग्यात बसून जात होतो आमी. मले ते पुस्तकातून पाठ कराचं कामच नोतं.

पद्माबाई : आणि तू उभी राहिलीस. हात असे लोंबत होते, बोटं आपोआप सूत ओढल्यासारखी हलत होती. साहेबांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. मग मलाच म्हणाले, देऊ का परत? मी म्हणाले, येईल साहेब, येईल. ते आलं नाही. त्यांनी कागदावर नापास लिहिलं. तकली माझ्या पिशवीत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत आली नाहीस.

यशोदा : अन् तिसऱ्या दिवशी तुमी आमच्या घरी आल्या.

पद्माबाई : आले. तू घरी नव्हतीस. तेच सांगायला मी आज आले आहे. तुला माहीत नसेल, त्या दिवशी मी तुझ्या बाबांना काय...

यशोदा : मी घरीच होती, बाई. ज्वारीच्या कोठीमांगं. बापानं इचारलं, काय झालं? तुमी म्हटलं, मुलगी घाबरली.

(पद्माबाई पिशवी उचलायला वाकते.)

यशोदा : हे घ्या, च्या घ्या.

पद्माबाई : पन्नास वर्षं मला वाटत होतं, हे मला एकटीलाच ठाऊक आहे.

यशोदा : तकलीचा मले राग नोता. गुरुजी लोक कधी ठेव म्हन्ते, कधी घे म्हन्ते, पोट्ट्याईले त्याची सवय असते. पन मुलगी घाबरली, याचा राग आला. लय वर्षं होता. कापूस येचतानी मनात तुमच्याशी भांडत होती मी. लगन झालं तरी भांडत होती.

पद्माबाई : मग? संपला कधी?

यशोदा : संपला का नाई, पाह्यलं नाई कधी. माही धाकटी, लीना, तिचं शाळेत असंच होतं. घरी भडाभडा बोले, मास्तरीनपुढं पाटी कोरी. मी पाह्यलं, भाकरी थापतानी तिले सगळं येते. मंग चुलीपाशी बसवून पाढे घेतले. तोंड तिच्याकडं नाई केलं. परीक्षेच्या टायमाले मास्तरनीले जाऊन सांगून आली, हिच्या हातात रुमाल राहू द्या, काढजा नोका. मास्तरीन म्हने, तुमाले हे कोनं सांगतलं? काय सांगू? म्हटलं, आमच्या रोहण्याच्या बाईनं. तवापासून भांडन बंद पडलं असन.

पद्माबाई : ती लीना आता?

यशोदा : हिंगणघाटले हाफिसात हाय. मॅट्रिक झाली ना. तुमचं बोलनं राह्यलं, ते बोला.

पद्माबाई : ते तुझ्या बाबांना सांगायचं होतं. ते आता नाहीत.

यशोदा : मंग मले बाप समजा. त्याले जसं सांगतलं असतं तसं सांगा. मी कोठीमांगं हाय समजा.

पद्माबाई : रूपरावजी, मुलगी घाबरली नाही. तिला सगळं येत होतं. तिला जसं येत होतं तसं साहेबही ऐकायला तयार होते. माझ्या मोठेपणासाठी मी तिच्या हातातली तकली काढून घेतली. नापास मी झाले आहे. शब्द तुमच्या मुलीनं मोडलेला नाही, तुम्ही बंडी जुंपा.

यशोदा : जुपली असती त्यानं. तो असा तिरसट, पन जुपली असती.

पद्माबाई : मला तेव्हाही तसंच वाटलं होतं. म्हणूनच ते बोलायला इतकं जड गेलं. नोकरी जाईल असं काही नव्हतं गं. नुसती लाज वाटली.

यशोदा : बाप बहात्तरच्या दुष्काळात गेला. मरायच्या आधी एकदा म्हने, तुले वर्ध्याले धाडलं असतं त आज काय असती तू? मी म्हटलं, तुमची यशोदाच असती. दुसरं काय म्हन्नार? लाल लुगडं मायच्या अंगावर होतं तवा, जुनं झालेलं. त्याच साली तेबी गेली.

पद्माबाई : हरिभाऊ गुरुजी आर्वीला मुलाकडे राहिले शेवटी. भेटायला गेले तर डोळे गेले होते, आवाजावरून ओळखलं. म्हणाले, चाळीस परीक्षावाल्या बाई का? पुढं कुठल्याच शाळेत मला चाळीस जमल्या नाहीत. पाच-सहा जमायच्या. पण एक नेम केला. परीक्षेला आलेल्या पोराच्या हातात जे असेल, खडा, दोरी, पेन्सिलचा तुकडा, ते मी कधी काढून घेतलं नाही. त्र्याण्णव साली... नाही, एक्क्याण्णवला सुटले शाळेतून. लग्न केलं नाही. भाचा आहे, कृष्णकांत, त्याच्याकडे असते सिंदी मेघ्याला.

यशोदा : कवडू मोजनी खात्यात लागला होता. साखळी धरून वावरं मोजे.

पद्माबाई : पावलं सुटली नाहीत म्हणायची.

यशोदा : मांगच्या दिवाळीले गेला. वावरातच, मोजता मोजता नाई, बांधावर बसला अन् तसाच. अन् ते डिप्टी साहेब?

पद्माबाई : राज्य तुटलं तेव्हा जबलपूरच्या बाजूला गेले. सत्तावन्न साली त्यांचं एक कार्ड आलं मला. दोन ओळी. ती सूत कातणारी मुलगी आता कुठल्या वर्गात आहे, कळवावे. त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही. ते आहे अजून पेटीत. तिथंच ही होती.

यशोदा : दाखवा.

पद्माबाई : घे. चकती थोडी वाकली आहे. तो दोरा आता लाल राहिला नाही. आणि त्या दिवशीचं सूत तसंच आहे गुंडाळलेलं, कविता म्हणत होतीस तोपर्यंतचं. मी सोडवलं नाही.

यशोदा : इतली लहान होती का ही. मले मोठी वाटत होती.

पद्माबाई : तुझे हात लहान होते.

यशोदा : सूत बारीक कातत होती व मी. पाहा ना, कुठं गाठ नाई. इथं, या टोकाले, इथून तुमी घेतली.

पद्माबाई : येते मी, यशोदा. चारची गाडी आहे.

यशोदा : बसा. परीक्षा अर्धी सोडून कुठं चालल्या?

पद्माबाई : कसली परीक्षा?

यशोदा : साहेबाचा सवाल तसाच राह्यला. इचारा. अन् पाठ नोका करू. इकडं पाहून इचारा.

पद्माबाई : तकली घे मग हातात. नाहीतर तुझा कापूस तरी घे.

(यशोदा तकली बाजीवर ठेवते. वातींची टोपली पायानं दूर सारते. हात मांडीवर, रिकामे.)

यशोदा : इचारा.

पद्माबाई : आपल्या जिल्ह्याला जिचं नाव आहे, ती नदी कुठून निघते, आणि कुठं जाते?

यशोदा : ...

पद्माबाई : राहू दे यशोदा. घे तो कापूस.

यशोदा : थांबा, बाई. येऊन राह्यलं. मुलताईच्या डोंगरातून निंगते. आमच्या आर्वीच्या अंगानं येते. पुलगावच्या पुलाखालून जाते. मंग खाली, लय खाली, चांद्याच्या पल्याड तिले वैनगंगा भेटते. तिथून तिले वर्धा म्हनत नाई, प्राणहिता म्हन्ते. अन् ते जाते गोदावरीत. येवढंच येत होतं मले, बाई. त्या दिवशीबी येवढंच येत होतं.